वळणावर इंजिनाचे तेल जाते कुठे? ट्रॅकवर धावणाऱ्या स्पोर्ट्स कारसाठी सविस्तर मार्गदर्शन

डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेला टेकलेले असते, तेल नवे असते, फिल्टरही नवा असतो, आणि तरीही ट्रॅकवरच्या चौथ्या-पाचव्या फेरीनंतर इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागतात. असे झाले की दोष तेलाच्या कंपनीवर, मेकॅनिकवर किंवा नशिबावर जातो. खरे कारण बहुधा साधे असते. इंजिनात तेल होते, पण ज्या क्षणी पंपाला ते हवे होते त्या क्षणी ते पंपाच्या तोंडाशी नव्हते. यालाच ऑइल स्टार्व्हेशन म्हणतात. ते टाळण्यासाठी काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि कोणत्या गोष्टींवर पैसे घालवू नयेत, हे या लेखात मांडले आहे. इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या पात्राला पुस्तकात संप आणि गॅरेजमध्ये चेंबर म्हणतात. संप हा शब्द मराठी कानाला भलतेच काही सुचवतो, म्हणून येथे चेंबर हाच शब्द वापरला आहे. ड्राय संप या व्यवस्थेचे नाव मात्र तसेच ठेवले आहे.

आधी चेंबरमध्ये काय घडते ते पाहू

पाण्याने अर्धे भरलेले ताट हातात घेऊन झटकन बाजूला वळले, की पाणी एका काठावर चढते. चेंबरमध्ये हेच होते, फक्त फार मोठ्या प्रमाणात. गाडी वळणात १ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचे त्वरण) इतक्या बाजूच्या त्वरणाने जात असेल, तर तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी तिरपा होतो. ०.८ जी असेल तर हा कोन सुमारे ३९ अंश आणि १.३ जी असेल तर सुमारे ५२ अंश होतो. ३० सेंटिमीटर रुंदीच्या चेंबरमध्ये ४५ अंशांचा तिरपेपणा म्हणजे एका बाजूचे तेल दुसऱ्या बाजूपेक्षा ३० सेंटिमीटर उंच चढू पाहते. चेंबरची खोली तर बहुधा याच्या निम्मीही नसते. त्यामुळे तेल चेंबरची भिंत ओलांडून ब्लॉकच्या आत, क्रँक नावाच्या फिरत्या दांड्यापर्यंत पोहोचते आणि पंपाच्या पिकअप पाइपची, म्हणजे तेल ओढणाऱ्या नळीची, जाळी उघडी पडते. शिवाय वळणात शिरताना तेल हळूहळू तिरपे होत नाही, ते लाटेसारखे आदळते. पहिल्या क्षणी ही लाट स्थिर कोनापेक्षाही वर जाते.

दुसरा भाग वेळेचा आहे. समजा, एखाद्या इंजिनाचा पंप चढ्या आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) मिनिटाला ४० लिटर तेल ढकलतो आणि चेंबरमध्ये ५ लिटर तेल मावते. म्हणजे जवळजवळ साडेसात सेकंदांत चेंबरमधले सगळे तेल एकदा पंपातून जाते. यातले बरेचसे तेल नेहमीच सिलिंडरच्या वरच्या हेडमध्ये, भिंतींवर, क्रँकभोवतीच्या धुक्यात किंवा परतीच्या वाटेवर असते. म्हणून प्रत्यक्षात पंपाला उपलब्ध असलेला साठा डिपस्टिकने दाखवलेल्या साठ्यापेक्षा लिटर-दीड लिटरने तरी कमी असू शकतो. वळण दोन सेकंदांत संपले तर निभावते. पाच-सहा सेकंद चालणारे वळण आले की निभावत नाही. इस्तंबूल पार्कचे आठवे वळण डावीकडचे आणि लांबलचक आहे, तर बार्सिलोनाचे तिसरे वळण उजवीकडचे आणि तितकेच ताणलेले आहे. एकाच गाडीला यातले एक बाधते आणि दुसरे बाधत नाही, असे होऊ शकते, कारण पिकअप चेंबरच्या मधोमध असतेच असे नाही.

जाळी उघडी पडल्यावर पंप हवा ओढतो. बेअरिंगमध्ये धातूवर धातू टेकू न देणारा तेलाचा थर काही मायक्रॉन जाडीचा असतो आणि बेअरिंगमधली मोकळी जागा साधारण ०.०३ ते ०.०७ मिलिमीटर असते. ७,००० आरपीएमवर क्रँक सेकंदाला जवळजवळ ११७ वेळा फिरतो, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या खंडात ५८ फेरे होतात. ५० मिलिमीटर व्यासाच्या जर्नलचा (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) पृष्ठभाग त्या वेळी सेकंदाला १८ मीटरहून अधिक वेगाने सरकत असतो. सर्वांत आधी रॉड बेअरिंग, म्हणजे पिस्टनचा रॉड क्रँकला जोडतो तिथली बेअरिंग, जातात. त्यांना तेल थेट गॅलरीतून, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलाच्या मुख्य वाहिनीतून, मिळत नाही. ते क्रँकला ब्लॉकमध्ये आधार देणाऱ्या मेन बेअरिंगमधून क्रँकच्या आतल्या छिद्रांतून येते, म्हणजे पंगतीत त्यांचे पान सर्वांत शेवटी असते. पोर्शे ९४४ ट्रॅकवर चालवणाऱ्यांना दुसऱ्या सिलिंडरच्या रॉड बेअरिंगची धास्ती असते ती याच कारणाने.

बॉक्सर इंजिनात अडचण थोडी वेगळी असते. सिलिंडर हेड दोन्ही बाजूंना आडवे असल्याने उजव्या वळणात तेल डाव्या हेडमध्ये साचते आणि वळण संपेपर्यंत तिथून खाली उतरत नाही. टोयोटा जीआर८६ आणि सुबारू बीआरझेड यांच्या २.४ लिटर इंजिनात उजव्या वळणावर दाब उतरल्याच्या नोंदी अनेक मालकांनी घेतल्या आहेत. आडव्या बसवलेल्या चार सिलिंडरच्या इंजिनात चेंबरची लांब बाजू गाडीच्या रुंदीत असते. म्हणून तिथे ब्रेकपेक्षा वळण जास्त त्रास देते, तर उभ्या, म्हणजे गाडीच्या लांबीत, बसवलेल्या इंजिनात जोरदार ब्रेकिंगमध्ये तेल पुढे धावते आणि पिकअप मागे असेल तर तेही तितकेच घातक ठरते.

पहिली पायरी: मोजल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये

बहुतेक जण सुरुवात बॅफलपासून, म्हणजे चेंबरमध्ये तेलाला अडवणाऱ्या पत्र्यांपासून, करतात. माझ्या मते ही चूक आहे, कारण आपल्या गाडीला हा त्रास आहे की नाही, असल्यास कोणत्या वळणावर आणि किती वेळ, हे न कळता केलेला खर्च बरोबर ठरला की नाही हेही कधी कळत नाही.

डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर भरवसा ठेवता येत नाही. तो साध्या स्विचवर चालतो आणि हा स्विच बहुतेक गाड्यांत दाब ०.३ ते ०.५ बारच्या (बार हे दाबाचे एकक) आसपास उतरल्यावर दिवा पेटवतो. हा दाब गाडी उभी असताना आयडलिंगला जेमतेम पुरेसा असतो. ६,००० आरपीएमवर दिवा लागला, तर तो इशारा उरत नाही, मृत्यूचा दाखला ठरतो. काही गाड्यांतला काट्याचा गेजही फसवा असतो. किरकोळ चढउताराने मालक घाबरू नये म्हणून त्याचा काटा मुद्दाम संथ केलेला असतो, आणि काही ठिकाणी तर स्विच चालू आहे एवढे कळले की काटा मध्यावर जाऊन बसतो.

म्हणून ० ते १० बार मोजणारा, तीन वायरींचा, ०.५ ते ४.५ व्होल्ट सिग्नल देणारा प्रेशर सेन्सर बसवावा आणि तो लॅप टायमर किंवा डेटा लॉगरला जोडावा. सेन्सर फिल्टरच्या पुढे, मुख्य गॅलरीवर असावा. फिल्टरच्या आधीचा दाब बेअरिंगला काय मिळते ते सांगत नाही. लांब पितळी अडॅप्टर लावून जड सेन्सर ब्लॉकवर थेट लटकवू नये. कंपनांनी तो अडॅप्टर मुळाशी तुटतो आणि सगळे तेल गरम एक्झॉस्टवर सांडते. त्याऐवजी साधारण ३० सेंटिमीटरची जाळीदार होज घेऊन सेन्सर गाडीच्या बॉडीवर क्लॅम्पने बांधावा. होजमध्ये दाब शांत करणारा बारीक छिद्राचा रिस्ट्रिक्टर असेल तर तो काढून टाकावा, कारण आपल्याला जी घसरण पाहायची आहे तीच तो झाकून टाकतो. आट्यांकडेही लक्ष द्यावे. एक-अष्टमांश इंचाच्या एनपीटी (अमेरिकन) आट्या इंचाला २७ असतात आणि त्याच मापाच्या बीएसपी (ब्रिटिश) आट्या २८ असतात. दोन-तीन फेरे त्या एकमेकांत खुशाल बसतात, मग अडतात, आणि जोर लावला तर ब्लॉकचे छिद्र कायमचे बिघडते.

नोंदीचा वेग सेकंदाला किमान २० वेळा असावा. सेकंदाला एकदा नोंद घेणाऱ्या यंत्रणेत ०.४ सेकंदाची घसरण दिसेलच असे नाही, आणि ओबीडी पोर्टमधून (गाडीतले दोष तपासण्याची जोडणी) एकाच वेळी दहा गोष्टी वाचणारी स्वस्त उपकरणे नेमकी इथेच मार खातात. दाबाबरोबर आरपीएम, बाजूचे व पुढे-मागचे त्वरण आणि तेलाचे तापमान या चार नोंदी हव्यातच.

दुसरी पायरी: नोंद वाचायची कशी

पहिले सेशन सर्वसाधारण रस्त्याच्या टायरवर आणि तीन-चतुर्थांश जोराने करावे. मग सरळ रस्त्यावरचा, तेल गरम असतानाचा दाब आरपीएमनुसार लिहून काढावा. हा आपला पाया. दर १,००० आरपीएमला १० पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ बार, हा जुन्या लोकांचा हिशोब आहे आणि त्यानुसार ७,००० आरपीएमला ४.८ बार लागतात. हा हिशोब जरा कडक आहे. शिवाय गरजेनुसार दाब बदलणारे पंप असलेल्या नव्या इंजिनांना तो जसाच्या तसा लावता येत नाही, म्हणून आपल्याच गाडीची सरळ रस्त्यावरची नोंद हीच खरी कसोटी मानावी.

आता त्याच आरपीएमवर वळणात किती दाब आहे ते पाहावे. समजा, सरळ रस्त्यावर ६,००० आरपीएमला ४.५ बार दिसतात, आणि एका उजव्या वळणात १.१ जी असताना त्याच आरपीएमला दाब एकसारखा खाली येत २.६ बारला टेकतो, ०.६ सेकंद तिथे राहतो आणि स्टिअरिंग सरळ होताच परत वर येतो. हे तेलावाचून राहण्याचे अगदी ओळखीचे रूप आहे. घसरण वळणाच्या सुरुवातीलाच आली आणि लगेच भरून निघाली, तर ती लाटेमुळे आहे. ती वळणाच्या शेवटी शेवटी आली, तर साठा संपतो आहे किंवा हेडमधून परत येत नाही. गियर बदलताना दाब खाली जातो तो आरपीएम उतरल्यामुळे, त्याची काळजी नको. दाबाची रेषा कंगव्याच्या दातांसारखी थरथरत असेल, तर पंप फेसाळलेले तेल ओढतो आहे किंवा सेन्सरची अर्थिंग वायर सैल आहे. दुसरी शक्यता आधी तपासावी, ती फुकट असते.

हातच्या हाताने पाहता येण्याजोगे एक रेखाचित्र म्हणजे आडव्या अक्षावर बाजूचे त्वरण आणि उभ्या अक्षावर दाब, तेही फक्त ४,००० आरपीएमच्या वरच्या बिंदूंसाठी. निरोगी गाडीत हे बिंदू आडव्या पट्ट्यासारखे दिसतात. एका बाजूला पट्टा खाली लोंबू लागला, की कोणत्या दिशेच्या वळणात आणि किती जीपासून त्रास सुरू होतो ते क्षणात कळते. याच नोंदीवरून धोक्याचा दिवा ठरवावा. मी ४,००० आरपीएमच्या वर दाब सरळ रस्त्यावरच्या आकड्याच्या ७० टक्क्यांखाली गेला की पेटणारा मोठा, डोळ्यात भरणारा दिवा लावतो.

तिसरी पायरी: पातळी आणि तेल

पातळी प्रत्येक सेशनच्या आधी तपासावी, सकाळी एकदा पाहून दिवसभर निश्चिंत राहू नये. ट्रॅकवर इंजिन रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त तेल पिते आणि लांब वळणांत हेडमध्ये साचलेले तेल ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून इनटेककडे किंवा ते तेल अडवणाऱ्या डब्यात, म्हणजे कॅच कॅनमध्ये, जाते. कॅच कॅनमध्ये सेशनगणिक किती तेल निघाले ते मापून लिहून ठेवावे. हा आकडा अचानक वाढला, तर रिंगा, फेस किंवा जादा भरलेले तेल यांपैकी काहीतरी कारण असते.

वरच्या खुणेच्या खाली कधीही जाऊ नये, याबद्दल दुमत नाही. वर किती जावे याबद्दल आहे. अनेक अनुभवी लोक ट्रॅकच्या दिवशी अर्धा लिटर जादा घालतात आणि काही इंजिनांना ते मानवतेही. मात्र तेल क्रँकच्या वजनांपर्यंत पोहोचले, की ते घुसळले जाते, त्यात हवा मिसळते, तापमान वाढते आणि फेसाळलेल्या तेलाचा थर बेअरिंगला सांभाळू शकत नाही. म्हणजे एक रोग बरा करताना दुसरा लावून घेतला. त्यामुळे जादा तेल घालायचे तर पाव-पाव लिटरने घालावे, दर वेळी नोंद आणि कॅच कॅन दोन्ही पाहावे, आणि आपल्या इंजिनाच्या माहितीपुस्तिकेत त्याला स्पष्ट मनाई असेल तर तो मार्ग सोडून द्यावा.

तेल दाट केल्याने हा प्रश्न सुटतो, हा समज फार पसरलेला आहे. १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडच्या तेलाची स्निग्धता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स, ४० ग्रेडची १२.५ ते १६.३ आणि ५० ग्रेडची १६.३ ते २१.९ असते. दाट तेलाने गेजवरचा आकडा वाढतो आणि तेल १२० अंशांपर्यंत तापणार असेल तर बेअरिंगचा थर टिकवण्यासाठी एक ग्रेड वर जाणे शहाणपणाचेही असते. पण जाळी उघडी पडली असेल तर ६० ग्रेडचे तेलही हवेची जागा घेऊ शकत नाही, उलट दाट तेल हेडमधून खाली उतरायला जास्त वेळ घेते. तेलाचे तापमान १०० ते १२० अंशांत असावे. १३० च्या वर ते वारंवार जात असेल तर आधी कूलर बसवावा. कूलर लावताना त्याच्या नळ्यांची तोंडे वरच्या बाजूला ठेवावीत, म्हणजे आत हवा अडकत नाही. थर्मोस्टॅट असलेली प्लेट घ्यावी, आणि कूलर व नळ्यांत जेवढे तेल मावले तेवढे इंजिनात पुन्हा भरून पातळी नव्याने तपासावी.

चौथी पायरी: चेंबर उतरवून आत पाहणे

बॅफल घेण्याआधी जुने चेंबर उतरवून पाहण्यात एक दिवस जातो, पण तो वाया जात नाही. जुन्या गाडीत बऱ्याच वेळा दोषी वळण नसून एखादी दोन पैशांची वस्तू असते. पिकअप पाइप जिथे पंपाला जोडतो तिथली ओ-रिंग वयाने कडक आणि चपटी होते आणि पंप तिथून हवा ओढतो. चेंबर तेलाने भरलेले असतानाही ही हवा आत जात राहते. पाइपाचा आधार देणारी पट्टी कंपनांनी तडकलेली असू शकते. जाळीवर जुन्या सीलंटचे रबरी तुकडे अडकलेले असू शकतात. कोणीतरी सढळ हाताने लावलेल्या सीलंटची आतल्या बाजूला फुगलेली कड सुटून तेलात पडते आणि थेट जाळीवर जाऊन बसते. नवे सीलंट लावताना २-३ मिलिमीटरचीच रेघ ओढावी आणि बोल्टांची छिद्रे आतल्या बाजूने वळसा घालून घ्यावीत. बीएमडब्ल्यूच्या ई३६ पिढीतल्या सहा सिलिंडरच्या इंजिनांत पंपाच्या चकतीचा नट सैल होण्याची खोड प्रसिद्ध आहे. ते चेंबर उघडले असेल तर हा नट पाहिल्याशिवाय बंद करू नये.

चेंबर बाजूला निघालेच आहे, तर एक प्रयोग करून पाहावा. पिकअप पाइप आपल्या जागी धरावा आणि चेंबरमध्ये रंगीत पाणी भरावे. नेहमीच्या भरण्यापेक्षा दीड लिटर कमी भरावे, कारण चालत्या इंजिनात तेवढे तेल वर असते. मग चेंबर कोनमापकाने मोजून ४५ अंशांना तिरपे धरावे, उघड्या बाजूला पारदर्शक प्लास्टिकची जाड शीट दाबून. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा पाणी डाव्या कडेला गोळा झाले आणि जाळीचा अर्ध्याहून अधिक भाग कोरडा राहिला. नोंदीतल्या उजव्या वळणाची गाठ तिथे, बादलीशेजारी, सुटली. स्थिर पाण्याचा हा प्रयोग खऱ्या लाटेपेक्षा सौम्य असतो, त्यामुळे त्यात जाळी झाकलेली राहिली म्हणून निर्धास्त होऊ नये. पण त्यात ती उघडी पडली, तर ट्रॅकवर ती पडतेच.

पाचवी पायरी: बॅफल आणि झडपा

चांगल्या बॅफलमध्ये दोन कामे असतात. वरची आडवी पत्र्याची प्लेट तेलाला भिंतीवरून ब्लॉकमध्ये चढू देत नाही, आणि पिकअपभोवतीच्या उभ्या भिंती एक छोटी खोली तयार करतात, जिच्या दारांतून तेल आत येऊ शकते पण बाहेर जाऊ शकत नाही. ही दारे म्हणजे बिजागरीवर झुलणाऱ्या झडपा. त्या आतल्या बाजूलाच उघडतात ना, बोटाने ढकलून सोडल्यावर स्वतःच्या वजनाने बंद होतात ना, आणि चेंबर तिरपे केल्यावर अडकत नाहीत ना, हे बसवण्याआधी प्रत्येकीबाबत पाहावे. उलटी लावलेली झडप ही बॅफल नसण्यापेक्षा वाईट, कारण ती तेलाला खोलीत येऊच देत नाही. आडव्या प्लेटला वरून पडणाऱ्या तेलासाठी पुरेशी छिद्रे हवीत, नाहीतर तेल प्लेटवरच साचून राहते.

जाळी आणि चेंबरचा तळ यांतले अंतर साधारण ६ ते १० मिलिमीटर असावे. यापेक्षा कमी असेल तर पंपाचा श्वास कोंडतो, जास्त असेल तर जाळी लवकर उघडी पडते. हे मोजायला मुलांच्या खेळातली रंगीत चिकणमाती उत्तम. जाळीवर तिचा लाडवाएवढा गोळा ठेवावा, नवे गॅस्केट घालून चेंबर सीलंटशिवाय जागेवर दाबून चार बोल्ट आवळावेत, पुन्हा उतरवावे आणि चपट्या झालेल्या गोळ्याची जाडी व्हर्नियरने मोजावी. तशीच माती आडव्या प्लेटवर ठेवून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावा, म्हणजे रॉडचे बोल्ट प्लेटला घासत नाहीत ना ते कळते. मोजणी झाल्यावर मातीचा कण न कण काढावा. बॅफल वेल्डिंगने बसवले असेल तर वेल्डिंगचे दाणे ब्रशने आणि सॉल्व्हंटने स्वच्छ करावेत, कारण सुटलेला एक दाणा पंपात गेला तर एवढा सगळा खटाटोप व्यर्थ.

चेंबर खोल करण्याऐवजी बाजूंना पंखांसारखे रुंद केलेले चेंबर मिळत असेल तर ते अधिक बरे, कारण साठा वाढतो आणि जमिनीपासूनची उंची कमी होत नाही. खोल चेंबर ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर आपटण्याची भीती असते. मोठ्या क्षमतेचा पंप लावणे हा मात्र बहुतेक वेळा चुकीचा उपाय आहे. तो चेंबर लवकर रिकामे करतो, वर जास्त तेल फेकतो, आणि परतीची वाट तीच राहते.

सहावी पायरी: दाबाखालचा राखीव साठा

बॅफल लावूनही नोंदीत घसरण उरली, तर ॲक्युम्युलेटर हा पुढचा आणि बराच किफायती उपाय आहे. कँटन रेसिंग प्रॉडक्ट्सच्या ॲक्युसंप या नावाने तो सर्वांत जास्त ओळखला जातो. एका नळकांड्यात दट्ट्या असतो, एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला इंजिनाच्याच दाबाने भरलेले तेल. गॅलरीतला दाब उतरला की हवा दट्ट्या ढकलते आणि साठलेले तेल बेअरिंगकडे जाते. दोन लिटर तेल हाताशी असेल तर वरच्या उदाहरणातल्या पंपाच्या हिशोबाने तीन सेकंद मिळतात, आणि लांब वळण पार करायला तेवढे सहसा पुरतात.

यातल्या चुका मात्र ठराविक आहेत. हवेचा सुरुवातीचा दाब नळकांडे तेलाने रिकामे असताना ७ पीएसआयच्या आसपास ठेवायचा असतो. भरलेले असताना पंपाने हवा भरली तर हिशोब चुकतो. इंजिन बंद करण्याआधी, आरपीएम थोडे चढे असताना नळकांड्याचा व्हॉल्व्ह बंद करावा, म्हणजे पुढच्या वेळी चावी फिरवताना साठा तयार असतो आणि इंजिन सुरू होण्याआधीच बेअरिंगला तेल पोहोचते. व्हॉल्व्ह उघडा राहिला तर ते सगळे तेल चेंबरमध्ये उतरते, डिपस्टिक भलतीच पातळी दाखवते, आणि ती पाहून कोणी तेल काढून टाकले, तर पुढच्या सेशनमध्ये इंजिन दोन लिटर कमी तेलावर धावते. म्हणून पातळी नेहमी साठा भरलेला असतानाच मोजावी. नळकांडे सैल पट्ट्यांवर ठेवू नये. दाबाखालची जड वस्तू अपघातात सुटली तर काय होईल याचा विचार करून ते बॉडीला घट्ट बांधावे.

सातवी पायरी: ड्राय संप, आणि तो कोणाला हवा

पूर्ण स्लिक (खाचा नसलेले) टायर, गाडीला जमिनीकडे दाबणारे मोठे पंख किंवा १.५ जीच्या आसपासचे त्वरण असेल तर ड्राय संपला पर्याय नाही. त्यात चेंबर फक्त परात असते, ओढणारे पंप तिथून तेल व हवा दोन्ही उपसतात, उंच व अरुंद टाकीत हवा वेगळी होते आणि दाबाचा पंप टाकीच्या तळातून तेल घेतो. उंच टाकीत तेल तिरपे झाले तरी तळ झाकलेला राहतो. २००६ च्या शेव्हरोले कॉर्व्हेट झेड०६ च्या ७ लिटर एलएस७ इंजिनाला ही व्यवस्था कारखान्यातूनच होती. मात्र नावावर जाऊ नये. पोर्शेच्या एम९६ इंजिनाच्या रचनेला इंटिग्रेटेड ड्राय संप म्हटले गेले, पण तिथे वेगळी टाकी नसते, आणि ती इंजिने ट्रॅकवर याच त्रासासाठी ओळखली जातात. ड्राय संपची पातळी तेल गरम असताना, इंजिन चालू ठेवून किंवा बंद केल्याबरोबर पाहायची असते. रात्रभर उभ्या गाडीत टाकीतले तेल खाली झिरपते, आणि सकाळी टाकी रिकामी पाहून दोन लिटर ओतणारे लोक दर हंगामात भेटतात.

चालवताना काय पाळावे

तेल ८० अंशांच्या वर गेल्याशिवाय पूर्ण जोर लावू नये. पाण्याचे तापमान आधी वाढते आणि त्यावरून तेल तापले असे मानू नये. ज्या वळणात नोंदीने घसरण दाखवली आहे, तिथे एक गियर वर ठेवून इंजिनाचे आरपीएम कमी ठेवावेत. पंप हळू उपसतो, हेडमध्ये कमी तेल चढते आणि रॉड बेअरिंगवरचा भारही उतरतो. यात वेळ थोडा जातो, पण इतर कोणताही उपाय फुकट मिळत नाही. स्टिअरिंग एकदम न फेकता वळवले तर लाटेचा पहिला तडाखा कमी होतो.

आणि टायर. सेमी-स्लिक बसवले की १ जीची गाडी सहज १.२ जीवर जाते आणि कालपर्यंत झाकलेली जाळी आज उघडी पडते. म्हणून टायर बदलण्याआधी तेलाची व्यवस्था सुधारावी, आणि टायर बदलल्यावर दुसरी पायरी पुन्हा पहिल्यापासून करावी.

दिवा पेटलाच तर

पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा, क्लच दाबावा, आरपीएम खाली येऊ द्यावा आणि दाब परत आला का ते पाहावे. परत आला नाही, किंवा आला पण ठोके ऐकू येत आहेत, तर इतर गाड्यांच्या धावण्याच्या रेषेबाहेर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे आणि टो मागवावा. "पिटपर्यंत तेवढे जाईल" या विचारात बेअरिंगबरोबर क्रँक आणि ब्लॉकही जातो.

दाब परत आला आणि आवाज नाही, तरी त्याच दिवशी पुढचे सेशन करू नये. फिल्टर काढून कटरने कापावा, करवतीने नव्हे, कारण करवतीचा भुसाच आत जातो. कागद पसरून उन्हात पाहावा. माझ्या कागदावर एकदा घड्यांच्या आत बारीक सोनेरी चमक होती, रांगोळीत जरीचे कण पडावेत तशी. लोहचुंबकाला ती चिकटली नाही, म्हणजे पोलाद नव्हते. बेअरिंगच्या थरांत तांबे, कथील, शिसे किंवा अॅल्युमिनियम असते आणि त्यातले काहीही चुंबकाला दाद देत नाही. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला तर हेच धातू आकड्यांत दिसतात, पण त्यासाठी आधीचे एक-दोन नमुने तुलनेला असले पाहिजेत, म्हणून गाडी निरोगी असतानाच नमुना काढून ठेवावा.

चमक दिसली तर चेंबर उतरवून रॉड बेअरिंग काढावीत, आणि प्रत्येक जर्नल नखाने चाचपावे. नखाला ओरखडा लागला तर नवी बेअरिंग घालून भागत नाही, क्रँक बाहेर काढावाच लागतो. नख कुठेही अडकले नाही आणि नव्या बेअरिंगवर इंजिन जुळले, तर पहिले सेशन जुन्या टायरवर, हलक्या हाताने करावे आणि त्याच वळणाची नोंद जुन्या नोंदीवर ठेवून पाहावी. दाबाची रेषा अजूनही तिथेच वाकत असेल, तर गाडी ट्रेलरवर चढवावी आणि पाचव्या पायरीकडे परत यावे.